कोंबड्या मेल्यात, हे डॉक्टरांना आधी सांगा

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र:

“डॉक्टर, नमस्कार. घरी सासू-सासरे, नवरा, दीर, जाऊ आणि माझा चार वर्षांचा मुलगा. बचत गटातून कर्ज काढून आम्ही सात-आठ जणींनी गावरान कोंबड्या घेतल्या. माझ्याकडे लहान-मोठ्या सव्वीस होत्या. चार दिवसांत त्यातल्या अकरा मेल्या. संध्याकाळी दाणे टिपणारी तलंग सकाळी खुराड्यात पाय ताणून पडलेली असायची. दोन कोंबड्या मान टाकून बसल्या, तेव्हा सासूबाईंनी त्या कापल्या, मी पिसं काढली, सगळ्यांनी रस्सा खाल्ला. मग शेजारणीने मोबाइलवर बर्ड फ्लूची बातमी दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला. सासूबाई म्हणतात, मर लागलेली कोंबडी आम्ही जन्मभर खाल्ली, काही झालं नाही. सासरे म्हणतात, उरलेल्या शनिवारच्या बाजारात विकून मोकळं होऊ. सरकारला कळवलं तर गावातल्या सगळ्यांच्या कोंबड्या मारतील, लोक आम्हाला नावं ठेवतील. जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे. मुलगा दिवसभर पिल्लांत असतो. आम्हाला काही होईल का? आणि कळवावं की गप्प बसावं?”

ताई,

पत्राखाली तुम्ही नंबर लिहिलात हे फार बरं केलंत. पत्र वाचून संपलं तसा मी फोन लावला, कारण तुमचा पहिला प्रश्न पुढच्या अंकापर्यंत थांबणारा नव्हता. तुम्ही घरातल्या एकेकाला विचारून सांगितलंत की ताप कुणाला नाही, खोकला नाही, डोळे आलेले नाहीत. कोंबडी खाऊन नऊ दिवस होत आले होते. मला हायसं वाटलं. आणि मग तुम्ही बोलता बोलता म्हणालात, “आज सकाळी अजून एक मेली, मीच उचलून उकिरड्यावर टाकली.” तिथून आपली दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

ही मोजणी सगळ्या वाचकांसाठी सांगते. बर्ड फ्लूची लागण माणसाला झालीच, तर लक्षणं बहुतेकदा २ ते ५ दिवसांत दिसतात, क्वचित त्याहून उशिरा. म्हणून आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला शेवटचा हात लागला त्या दिवसापासून किमान १० दिवस घरातल्या प्रत्येकावर लक्ष ठेवायचं. दिवस जेवणापासून मोजायचे नाहीत, शेवटच्या स्पर्शापासून मोजायचे. कॅलेंडरवर खूण करून ठेवा म्हटलं होतं, ती केली असेलच.

तुमच्या कोंबड्यांना बर्ड फ्लूच झाला होता असं मी म्हणत नाही. नुसतं बघून ते कुणालाच सांगता येत नाही, पशुवैद्यालाही नाही. तुरा निळा-काळा पडणं, डोकं सुजणं, हिरवट हगवण, एकाएकी मरून पडणं, हे सगळं मानमोडी, म्हणजे राणीखेत, या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही होतं. प्रयोगशाळेतली तपासणी हाच एक मार्ग. पण चार दिवसांत सव्वीसपैकी अकरा मेल्या, दिवस थंडीचे आणि गावाजवळच्या तळ्यावर परदेशी बदकं उतरलेली असं तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हा तपासणी होईपर्यंत तो बर्ड फ्लूच आहे असं धरून वागायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते मी अजिबात उडवून लावणार नाही. त्यांनी जन्मभर मर लागलेली कोंबडी कापली आणि काही झालं नाही, हे खरंच आहे. त्या काळात कोंबड्यांत यायची ती मानमोडी. माणसाला तिचा त्रास म्हणजे फार तर काही दिवस डोळे लाल होणं. त्यांना विचारून पाहा, कोंबड्या साफ केल्यावर कधी डोळे आले होते का. बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आपल्या देशात पहिल्यांदा सापडला तो २००६ साली, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. सासूबाईंचा कोंबड्यांचा अनुभव चाळीस-पन्नास वर्षांचा असेल, पण त्यातला मोठा भाग या रोगाच्या आधीचा आहे. त्यांचं चुकलं असं म्हणू नका. त्यांच्या ओळखीच्या रोगासारखाच दिसणारा दुसरा रोग आता आलाय, एवढंच त्यांना सांगा.

त्या फेब्रुवारीत मी नंदुरबार जिल्ह्यात सरकारी नोकरीत होते. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनाही सुरुवातीला मानमोडीच वाटली होती. मरतुक वाढत गेली, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. पुढचे दिवस मी विसरू शकत नाही. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. पांढऱ्या पोशाखातली माणसं शेडमधून आत-बाहेर करत होती. आम्ही आरोग्य खात्याचे लोक दारोदार जाऊन एकच विचारायचो, घरात कुणाला ताप आहे का? महिन्याभरात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांतही रोग निघाला. एवढं होऊनही त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. त्याचं कारण समजलं तर तुमची अर्धी भीती जाईल आणि जी उरेल ती योग्य जागी राहील.

विषाणूला आत शिरण्याआधी आपल्या पेशीला चिकटावं लागतं. पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासनलिकेत त्याला चिकटायला जागा भरपूर. माणसाच्या नाका-घशात तशी जागा कमी. ती आहे ती फुफ्फुसात खोलवर आणि थोडी डोळ्यांच्या आवरणात. म्हणून रस्त्याने जाताना, कोंबडीच्या दुकानासमोरून जाताना हा रोग होत नाही. त्यासाठी विषाणू मोठ्या प्रमाणात अंगावर यावा लागतो, म्हणजे आजारी पक्षी हाताळणं, कापणं, पिसं उपटणं, खुराडं झाडताना उडालेली धूळ श्वासात जाणं. आणि एकदा खोल फुफ्फुसात पोचला की तो तिथेच वाढतो, म्हणून न्यूमोनिया फार झपाट्याने होतो. लागण दुर्मीळ असण्याचं आणि झाली तर भयंकर ठरण्याचं कारण हे असं एकच आहे. २००३ पासून जगभरात एच५एन१ चे ९०० हून अधिक रुग्ण जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याच्या आसपास दगावले. सौम्य आजाराचे रुग्ण बऱ्याचदा नोंदलेच जात नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण याहून कमी असावं. तरी माझ्यासारख्या डॉक्टरची झोप उडायला हा आकडा पुरेसा आहे.

तुम्ही सगळ्यांनी रस्सा खाल्ला, त्याची चिंता सोडा. विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो आणि आपला रस्सा तर रटरटून उकळलेला असतो. धोका असलाच तर तो चुलीवर भांडं चढायच्या आधीचा आहे. सासूबाईंनी मान कापली तेव्हा, तुम्ही गरम पाण्यात बुचकळून पिसं ओढली तेव्हा, ज्या विळीवर तुकडे केले तिच्यावरच मागाहून कोथिंबीर चिरली असेल तेव्हा. २००६ मध्ये अझरबैजानमध्ये मेलेल्या रानटी हंसांची पिसं काढण्याचं काम मुलींनी केलं आणि त्यांना लागण झाली, काही जणी गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत तुर्कस्तानात एका घरातली तीन भावंडं गेली. घरच्या आजारी कोंबड्यांशी त्यांचा अगदी जवळून संबंध आला होता. इजिप्तमध्ये तर रुग्णांत घरी कोंबड्या पाळणाऱ्या बायका आणि लहान मुलंच जास्त. का, ते मी तुम्हाला सांगायला नको. खुराडं कोण झाडतं, कोंबडी कोण साफ करतं आणि पिल्लांमागे कोण धावतं, हे जगात सगळीकडे सारखंच आहे.

आपल्या देशातही असे रुग्ण झाले आहेत, थोडे पण झाले आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये हरयाणातल्या ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला, देशातला तो पहिला. २०२५ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशात नरसरावपेटची दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता असं घरच्यांनी सांगितलं. आणि आपल्या मेळघाटात २०१९ साली १७ महिन्यांच्या एका बाळाला एच९एन२ या सौम्य प्रकाराची लागण झाली होती. ते बाळ बरं झालं. पुण्यात २०१० मध्ये कोंबड्यांच्या धंद्यात काम करणाऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा काही जणांच्या रक्तात याच एच९एन२ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे विषाणू येऊन गेला आणि त्यांना पत्ताही लागला नाही, साधी सर्दी म्हणून सोडून दिलं असेल.

म्हणून तुमच्या पत्रातून मला एक गोष्ट सगळ्यांना सांगायची आहे. तुम्हाला किंवा घरात कुणाला ताप आला, घसा धरला, खोकला झाला, अंग ठणकलं, डोळे लाल झाले, जुलाब लागले, तर दवाखान्यात खुर्चीवर बसल्याबसल्या पहिलं वाक्य हे बोला: “डॉक्टर, आमच्या घरच्या कोंबड्या मेल्यात.” ताप किती दिवसांचा, किती चढला, ते नंतर. गावोगावच्या दवाखान्यात दिवसाला शंभर तापाचे रुग्ण येतात. डेंग्यू, मलेरिया, साधा फ्लू, विषमज्वर यातलं काही आहे का हे डॉक्टर बघतात. घरच्या कोंबड्यांविषयी आपणहून विचारणारा डॉक्टर विरळा.

मीही एकदा विचारलं नव्हतं. नवापूरनंतर काही वर्षांनी, दुसऱ्या जिल्ह्यात, न्यूमोनिया झालेल्या एका बाई माझ्याकडे दाखल होत्या. तीन दिवस अँटिबायोटिक चालू होतं आणि दम वाढतच होता. चौथ्या दिवशी त्यांचा भाऊ भेटायला आला आणि व्हरांड्यात कुणाला तरी म्हणाला, “आधी कोंबड्या गेल्या, आता हिला काय झालं बघ.” मी मागेच उभी होते. माझे हातपाय गार पडले. नमुना पाठवला, औषध बदललं, त्यांना वेगळं ठेवलं. अहवालात बर्ड फ्लू निघाला नाही आणि बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. पण ते तीन दिवस मी घालवले होते. नवापूरला दारोदार फिरून आलेली मी, मला सुचू नये याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून तापाच्या प्रत्येक रुग्णाला घरच्या जनावरांबद्दल आणि पक्ष्यांबद्दल विचारते.

लवकर सांगण्याचं महत्त्व औषधामुळे आहे. ऑसेल्टामिविर नावाचं औषध या विषाणूवर चालतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त; उशीर झाला तरी गंभीर रुग्णाला देतातच. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने काही आणू नका, ऑसेल्टामिविरसुद्धा नाही. सरकारी रुग्णालयात ते मिळतं. घशाचा-नाकाचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासता येतो, त्याची व्यवस्था जिल्हा आरोग्य यंत्रणा करते. मुलाला ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. श्वास जोरजोरात होऊ लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल खाईना-खेळेना झालं, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

माणसाकडून माणसाला हा रोग सहजी लागत नाही. पण कधीच लागत नाही असंही नाही. २००४ मध्ये थायलंडमध्ये ११ वर्षांच्या मुलीची शुश्रूषा करायला तिची आई दुसऱ्या गावाहून आली, तोंडावर काही न बांधता तासन् तास उशाशी बसली आणि तीही त्याच रोगाने गेली. आईला कोण अडवणार? म्हणून आधीच ठरवून ठेवा. घरात कुणी आजारी पडलंच तर एकाच माणसाने करायचं, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. ते काम जाऊबाईंकडे द्यायचं नाही. गरोदरपणात साधा फ्लूसुद्धा जड जातो. त्यांना खुराड्याकडे फिरकू देऊ नका, सडा-झाडूही तिकडचा नको. आणि पुढच्या तपासणीला जातील तेव्हा तिथल्या सिस्टरना कोंबड्यांचं सांगून ठेवा.

मुलाला पिल्लांपासून तोडणं अवघड आहे, मला माहीत आहे. फोनवर मागे त्याचा आवाज ऐकू येत होता. थोडे दिवस त्याला आजोळी पाठवता येईल का ते बघा. तिथे कोंबड्या नसतील तरच, आणि त्याला ताप आला तर लगेच डॉक्टरांना इकडचं सांगायचं हे तुमच्या आईला बजावून. नाही जमलं तर पिल्लं डालग्याखाली आणि पोरगं ओसरीवर.

उकिरड्यावर टाकलेल्या कोंबडीचं फोनवरच बोललो, पण पुन्हा लिहिते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. मेलेला पक्षी उकिरड्यावर, नाल्यात, विहिरीजवळ टाकला की कावळा, कुत्रा, मांजर त्याला तोंड लावतं. २०२४ च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाड्यातल्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला आणि तपासणीत एच५एन१ निघाला. तिथे वाघ गेले, तुमच्या घरातलं मांजर तर मुलाच्या अंथरुणात झोपतं. मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, नाका-तोंडावर मास्क किंवा दुहेरी फडकं, चष्मा असेल तर चष्मा. पक्षी दुहेरी पिशवीत बांधून झाकून ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, त्यांना नमुन्यासाठी ताजा मेलेला पक्षी हवा असतो. ते म्हणतील तेव्हा आणि म्हणतील तसा, कुत्र्याने उकरू नये इतका खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरा.

खुराडं कोरडं झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग भरा. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते विरघळतं, त्यामुळे साबण हे आपल्या घरातलं पहिलं औषध. विळी, सुरी, परात, पाट सगळं साबणाने घासून उकळत्या पाण्यातून काढा. जमिनीला ब्लीचिंग पावडर किंवा चुना. खुराड्याच्या कामाचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवा, त्या चपलांनी स्वयंपाकघरात जाऊ नका. काम झालं की हात-तोंड धुवून मगच मुलाला घ्या. थंडीत आणि सावलीतल्या ओल्या शिटेत हा विषाणू बरेच दिवस टिकतो, म्हणून खुराड्यावरचं जुनं गोणपाट काढून आत ऊन येऊ द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी तुम्ही खरं तर पत्र लिहिलंत असं मला वाटतं. फोनवर तुम्ही म्हणालात, “घरच्यांना विचारून सांगते.” म्हणून हे सासऱ्यांनाही वाचायला द्या.

आजोबा, उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊ नका. कर्जाचा हप्ता आहे, दहा-बारा कोंबड्यांचे चार पैसे येतील, हे मला कळतं. पण आज चांगली दिसणारी कोंबडी उद्या मरू शकते आणि आजच तिच्या शिटेतून विषाणू बाहेर पडत असू शकतो. आठवडी बाजारात दहा गावची माणसं दहा गावच्या कोंबड्या एकाच ठिकाणी घेऊन बसतात. पाय बांधून, उलट्या धरून, पिशवीत घालून, एकमेकींना खेटून. हाँगकाँगमध्ये १९९७ साली माणसांत हा रोग पहिल्यांदा दिसला, १८ जणांना लागण झाली आणि ६ जण गेले, तेव्हाही जिवंत कोंबड्यांचे बाजार हेच मोठं कारण निघालं. शहरातल्या सगळ्या कोंबड्या, तेरा लाखांच्या वर, मारल्या तेव्हा ते थांबलं. तुमची एक कोंबडी विकत घेणारी बाई तुमच्यासारखीच असेल, घरी नातू असलेली. ती तिला घरी नेऊन कापेल. तुम्ही तिला सांगाल का, घरी अकरा मेल्यात म्हणून? सांगितलंत तर ती घेणार नाही. न सांगता विकायचं असेल तर ते पैसे घरात आणू नका, असं मी तुम्हाला हात जोडून सांगते.

ताई, कळवा. आजच कळवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. एकटीने जाऊ नका. गटातल्या सात-आठ जणी बसा, कुणाच्या किती मेल्या ते एका कागदावर लिहा. दुसऱ्या एक-दोघींच्याही मेल्या असतील आणि त्याही तुमच्यासारख्याच गप्प असतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. मग सगळ्या मिळून सरपंचांना भेटा. २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावरांतल्या अशा साथीची माहिती देणं मालकावर बंधनकारकच आहे, पण कायद्याच्या धाकापेक्षा सात जणींची सही जास्त उपयोगी पडेल. नाव एका घराचं होणार नाही.

पुढे काय होईल तेही न लपवता सांगते. पशुवैद्यक येतील, नमुने पुण्याला आणि गरज पडली तर भोपाळला जातील. मानमोडी निघाली तर कुणाच्या कोंबड्या मारणार नाहीत. उरलेल्यांना लस मिळेल आणि तुम्ही निवांत झोपाल. बर्ड फ्लू निघाला तर मात्र साधारण एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. २०२१ च्या जानेवारीत तुमच्याच जिल्ह्यात मुरुंब्याला आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हाही हेच झालं. तुम्हाला ते आठवत असेल, म्हणूनच भीती वाटते. गावाला त्रास होतो, काही महिने नवीन पक्षी आणता येत नाहीत, हे खरं आहे.

पण भरपाईचा नियम काय आहे ते घरी आणि गटात नीट सांगा. पथकाने मोजून मारलेल्या जिवंत पक्ष्यांची भरपाई मिळते, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची मिळते. आधीच मेलेल्या कोंबडीचा एक रुपयाही मिळत नाही. तुमच्या अकरा गेल्या, त्यांचं काही मिळणार नाही. गप्प बसून आठ दिवस काढले तर उरलेल्याही त्याच हिशेबात जातील आणि शेजारणीच्या, गटातल्या बाकीच्या जणींच्याही. जी लवकर कळवते तिच्यामुळे गावाचे पैसे वाचतात. नावं ठेवायला कुणी आलं तर हे त्याला सांगा. पंचनामा झाला की त्याची प्रत मागून घ्या, बँकेकडे हप्त्याची मुदत मागताना ती लागेल. पक्षी गोळा करायला पथक आलं तर त्यांच्या मदतीला घरातल्या पोरांना पाठवू नका. ते काम संरक्षक पोशाख घालून, प्रतिबंधक औषध घेऊन करायचं असतं.

साध्या फ्लूची लस घेऊ का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ती बर्ड फ्लू अडवत नाही. तरी कोंबड्यांत राबणाऱ्यांनी ती घ्यावी असं मला वाटतं, कारण एकाच माणसाच्या अंगात माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच वेळी शिरले तर दोघांच्या जनुकांची अदलाबदल होऊन नवा, माणसांत पसरणारा विषाणू तयार होऊ शकतो. जगातले शास्त्रज्ञ पंचवीस-तीस वर्षं याच गोष्टीला भीत आहेत. जाऊबाईंना तर गरोदरपणात ती लस घेण्याचा सल्ला देतातच. तालुक्याला विचारून घ्या.

चिकन-अंडी सोडू नका. पूर्ण शिजवलेली खा, अर्धकच्चं अंडं तेवढं नको.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुन्हा फोन करीन, बाजाराच्या आदल्या दिवशी. तोवर दवाखान्यात कळवलेलं असू द्या. आणि तोवर घरात कुणाचं अंग जरी कोमट लागलं, तरी माझ्या फोनची वाट न बघता सरळ डॉक्टरांकडे जा. तिथे पहिलं वाक्य काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
डॉक्टर ताई